नेहमीच्या गोळ्या
तीस वर्षं औषधाचं दुकान चालवतोय मी, आणि प्रशिक्षणात ही कालची पोरगी मला शिकवणार, अफूच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या कशा द्यायच्या! ती गिऱ्हाईक बनून म्हणाली, “नेहमीच्या द्या.” मी सवयीने कात्री उचलली. “थांबा काका, दुखणं कसं आहे ते विचारलंत?” पाच वेळा तेच करायला लावलं. सगळे हसले, माझं डोकं फिरलं. अहो, गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आत औषध देतो म्हणूनच लोक माझ्याकडे येतात! आज दुकानात मास्तर आले, माझं जुनं गिऱ्हाईक. डॉक्टरची चिठ्ठी तीच, कंबरेच्या ऑपरेशनवेळची, घड्यांवर फाटलेली. “नेहमीच्या.” मी स्ट्रिपला कात्री लावली आणि डोक्यातली त्या पोरीची कटकट एकदाची मिटावी म्हणून वैतागूनच विचारलं, “मास्तर, कंबर काय म्हणतेय?” “कंबर? ती दोन वर्षांपूर्वीच बरी झाली,” मास्तर खाली बघत म्हणाले. “गोळी चुकली की हात थरथरतात. कुणी विचारलं तर सांगणार होतो.”