धाकट्याचं हसू

"घाई करून चालणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हिरड्या बघा कशा सुजल्यात. इमारत उभारण्याआधी जमीन बघता ना तुम्ही?"

बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली. समोर बसलेल्या ठेकेदाराची इमारत गेल्याच वर्षी कोसळली होती, आतल्या माणसांसकट. खटला चालू होता आणि या वेळी तो काही सुटत नाही, असं जो तो म्हणत होता.

ठेकेदाराला राग आला नाही. "वेळ लागू दे. पण काम माझ्यासारखंच करा. तोच स्क्रू, तोच दात, तसूभर फरक नको. भाऊ-भाऊ सारखे दिसले पाहिजेत."

त्याचा वरचा पुढचा दात बाईंनीच हाडात स्क्रू घालून बसवलेला. खुर्चीतल्या धाकट्याचा नेमका तोच दात गेला होता. हा म्हणे लहानपणी हरवला आणि आता कुठल्याशा पुलाखाली सापडला. बोलायचा नाही. उंची आणि खांदे मात्र थेट भावाचे. हसू आलं की तोंडावर पटकन हात धरायचा. तो हात खाली आणायचाच, असं बाईंनी मनाशी ठरवून टाकलं.

"खालची ही दाढही काढा," ठेकेदार म्हणाला. "रात्रभर विव्हळतो बिचारा."

दाढ किडलेली होतीच. "तुमचीही हीच काढली होती मी," बाई हसल्या. "खानदानी दुखणं दिसतंय!"

बाईंनी आधी दात साफ केले, ब्रश कसा फिरवायचा ते धाकट्याचा हात धरून शिकवलं. हिरड्यांतून रक्त यायचं थांबल्यावरच पुढचं पाऊल उचललं. पुढच्या दाताचं हाड कागदासारखं पातळ असतं. स्क्रू जरा ओठाकडे गेला की हिरडी वर सरकते आणि दात घोड्यासारखा लांबच लांब दिसतो. म्हणून त्यांनी मेणाचा दात करून ओठांशी जुळवून पाहिला, स्क्रू किंचित टाळूकडे कलता बसवला आणि हाड तो धरेपर्यंत महिनोन्महिने थांबल्या. मग तात्पुरता दात लावून हिरडीला हळूहळू वळण लावलं.

ठेकेदाराने एकही खेप चुकवली नाही. धाकट्याच्या अंगावर त्याचेच शर्ट असायचे, पायात त्याचेच बूट.

"सख्खे भाऊ पक्के वैरी म्हणतात," नर्स एकदा म्हणाली. "लोकांनी हे बघावं म्हणावं!"

पक्का दात बसला त्या दिवशी धाकट्याने आरशात पाहिलं. हात सवयीने वर निघाला आणि मध्येच थांबला. तो हसला, चांगला मोकळा हसला. बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

ठेकेदारही खूश झाला. आपलं घड्याळ काढून त्याने धाकट्याच्या मनगटावर बांधलं.

थोड्याच दिवसांत इन्स्पेक्टर दारात. ठेकेदाराची गाडी दरीत कोसळून जळाली होती. आत एकच माणूस होता आणि ओळखावं असं काही उरलं नव्हतं. इन्स्पेक्टरांनी जबड्याचा एक्स-रे पुढे केला.

बाईंनी ठेकेदाराचा जुना एक्स-रे शेजारी धरला. तोच स्क्रू, टाळूकडे तसाच कललेला. खाली त्याच दाढेची रिकामी जागा. आपल्या हातचं काम आपण नाही ओळखणार?

"तेच आहेत," त्या म्हणाल्या आणि सही केली.

"चला, खटलाही मिटला," इन्स्पेक्टर उठले.

बाईंच्या डोक्यात मात्र धाकटा घोळत राहिला. आता त्या मुक्या जिवाला कोण बघणार? हिरड्यांची निगा राखली नाही, तर सगळं मुसळ केरात. न राहवून त्या ठेकेदाराच्या घरी गेल्या.

त्याची बायको रडून रडून थकली होती. बाई तिचा हात हातात घेऊन बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "तुमच्या धाकट्या दिरांना माझ्याकडे पाठवत जा. मी एक पैसा घेणार नाही."

तिने डोळे पुसले आणि बाईंकडे नवलाने पाहिलं.

"दीर? मला कुठले दीर, डॉक्टर? हे तर एकुलते एक होते."