रेवणप्पाचा पाय

दारावरच्या मावशींनी सिंधूला चप्पल बाहेर काढायला लावली, मोबाईल बंद करायला लावला आणि वर बजावलं, "आत बोलायचं तर कानात. जरा आवाज झाला की त्याला झटका येतो." सिंधूने मान हलवली. वीस वर्षं सिस्टर म्हणून गावोगाव हिंडलेल्या बाईला धनुर्वात शिकवायची गरज नव्हती. डोळ्यांनी पाहिला मात्र तिने एकदाही नव्हता. तिच्या हातून सुई घेतलेल्यांना तो होतच नसे.

नांदेडच्या दवाखान्यातल्या त्या खोलीत खिडक्यांवर काळी चादर ओढलेली होती. भर दुपारीसुद्धा डोळे ताणून पाहावं लागत होतं. खाटेवर रेवणप्पा होता. पाठ गादीला टेकत नव्हती, जबडा गच्च मिटलेला, आणि ओठ असे ओढले गेलेले की हसतोय असं वाटावं. तो पूर्ण शुद्धीवर होता. सगळं ऐकत होता, सगळं पाहत होता, आणि हाच या रोगाचा दुष्टपणा.

उशाशी त्याची बायको गौरम्मा बसली होती. बांगड्या वाजू नयेत म्हणून तिने दोन्ही मनगटांना लुगड्याच्या चिंध्या गुंडाळल्या होत्या.

सिंधू भांडायला आली होती, हे सांगून टाकलेलं बरं. पंधरवड्यापूर्वी अर्धापूरजवळ केळीच्या बागेत रेवणप्पाच्या तळपायात गंजकी तार घुसली. बिदरकडून कामाला आलेला हा माणूस आपल्या पायांनी तिच्या उपकेंद्रावर आला. इंजेक्शन होतं, तिने भरलंही होतं. आधी जखम धुवावी म्हणून ती खाली वाकली, तर गड्याने पाय ओढून घेतला. "सुई घेतलोय की मी, चार साल झाले, गावाकडं," म्हणाला आणि लंगडत निघाला. "एवढा बाप्या माणूस अन् सुईला भिऊन राहिला!" सिंधू मागून ओरडली, तेव्हा लेकरांना लस द्यायला आलेल्या बायका खदाखदा हसल्या होत्या. तिने 'रुग्णाने नकार दिला' असं लिहिलं आणि पुढच्या बाळाकडे वळली. तो इथे दाखल झाल्याचं परवा कळलं, आणि आज सुट्टी टाकून ती आली होती.

ती गौरम्माशेजारी उकिडवी बसली. "का पळाले हो हे?" ती कुजबुजली. "दोन मिनिटाचं काम व्हतं."

गौरम्माने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने डोळे मिटून घेतले. मग तिने पिशवीतून गोळ्यांची बाटली काढून सिंधूच्या हातात ठेवली. सिंधूने ती डोळ्यांजवळ नेली. एचआयव्हीची ही गोळी तिने झोपेतही ओळखली असती.

"सहा सालं झाली," गौरम्मा म्हणाली. "बिदरहूनच आनतेत. हितं कुनाला कळू ने म्हनून."

"अन् तुम्हाला?"

"मला न्हाई. घरात पन ताट वेगळं, तांब्या वेगळा. डॉक्टर म्हनले, कायबी गरज न्हाई. ऐकत न्हाईत." तिने बाटली परत घेऊन पिशवीत सारली. "हितले डॉक्टर म्हनले, या बिमारीत जुन्या सुईचं बळ लवकर सरतंय. तुमची सुई पायजे व्हती."

"मग मला सांगायचं ना! मी काय गावभर केलं असतं?"

सिंधूचा आवाज चढला होता. रेवणप्पाच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. दोघी श्वास रोखून बसल्या. बऱ्याच वेळाने शिरा उतरल्या.

"तुम्हाला न्हाई भ्याले, अक्का," गौरम्मा तिच्या कानाशी आली. "तुमच्यापायी भ्याले. पायातून रगत गळत व्हतं अन् तुमच्या हातात मोजे नव्हते. घरी येऊन म्हनले, ती बाई उघड्या हातानं माझं रगत धुवायला लागली, तिला बी लेकरंबाळं असतील. तितं एवढ्या बाया. सांगायला तोंड उघडंना, म्हनून पळालो."

मोजे त्या दिवशी सकाळीच संपले होते. संपले तर संपले, म्हणून सिंधूने काम रेटलं होतं. हाताला जखम नसेल तर नुसतं रक्त लागून हा आजार होत नाही, हात साबणाने धुतले की झालं, हे तिला तोंडपाठ होतं. रेवणप्पाला ते कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगायचं काम तिचंच होतं. तिला हंबरडा फोडावासा वाटला. या खोलीत तीही सोय नव्हती.

ती उठली आणि खाटेच्या पायथ्याशी गेली. तळपायाच्या पट्टीवर एक ओला डाग होता. जे मोठ्याने सांगता येत नव्हतं ते निदान हाताने सांगावं, काही होत नाही हो रेवणप्पा, एवढंच सांगावं, म्हणून, नुसत्या स्पर्शानेही झटका येतो हे शिकलेलं विसरून तिने उघडाच हात पुढे केला.

रेवणप्पाचे डोळे उघडले. त्या हातावर खिळले. आणि त्याने पाय मागे ओढला. बोटभरच सरकला तो, पण तेवढ्याने झटका उसळला. पाठ आणखी वर उचलली गेली, खाट करकरली, मिटल्या दातांतून फेस आला. अशा वेळी धरायचं नसतं म्हणून गौरम्माने त्याला धरलं नाही. ती सिंधूकडे वळली. सिंधूचा हात अजून तसाच पुढे होता.

"अक्का, हात मागं घ्या," ती हळूच म्हणाली. "त्याबिगर ते शांत व्हनार न्हाईत."