कळवायचं कोणाला

परदेशातून आलेल्यांना खेड्यात घर मिळवून देणाऱ्या मदत केंद्राच्या दारातच नवऱ्याने तिला दटावलं, "तुझ्या भावाचं नाव काढू नकोस. म्हणतील, मग जा की त्याच्याच घरी!" मदत मागायला जाताना माणसाने होईल तेवढं अनाथ दिसावं, हे त्याचं शास्त्र.

रांगेत पुढच्या जोडप्याचा शहरात एक मामा निघाला. टेबलामागच्या बाईंनी "घर शिल्लक नाही" म्हणून त्यांना वाटेला लावलं. मग हिची पाळी आली.

"अडीअडचणीला कळवायचं कोणाला?"

"कोणी नाही हो, बाई."

"फोन करणारं, विचारपूस करणारं?"

"आम्हीच एकमेकांना."

बाई पहिल्यांदाच हसल्या आणि त्यांनी किल्ली पुढे सरकवली. नवऱ्याने तिला कोपराने ढोसलं. बघ, काय सांगत होतो!

केंद्राच्या ड्रायव्हरने त्यांना शेवटच्या वस्तीच्याही पुढे, कोंबड्या कापायच्या कारखान्यामागच्या घरात आणून सोडलं. घर भरलेलं होतं. गाद्या, भांडी, दारामागे खिळ्याला शाळेचं दप्तर. फ्रीजमधलं दूध अजून नासलं नव्हतं. नवरा हरखला, "अगं, बाजारसुद्धा करून ठेवलाय!"

तिने दप्तर उघडलं. वहीत गणित अर्धंच सोडवलेलं होतं. "दादा, हे कोणाचं? न्यायला येतील ना ती माणसं?"

"वापरा बिनधास्त, वहिनी," ड्रायव्हर बाहेरून दार ओढून घेत म्हणाला. "विचारायला कोणी येणार नाही. त्यांचंही कोणी नव्हतं."