पाकिटावरची ओळ

दिवस मावळायला अर्धा तास राहिला, तशी सज्जनबाईंनी दोन ताटं मांडली. त्यांच्या जैन घरात अंधार पडल्यावर कुणी घास घेत नाही. तेवढ्यात वारूळवाडीच्या कारखान्यातून संयमचा फोन आला. "आई, तू जेवून घे. मी आपलीच पावडर पाण्यात ढवळून प्यायलो. इंदूरचीपण ऑर्डर आलीय, लई गडबड आहे."

समोर संयमच्या कंपनीतली आरफा वही उघडून बसली होती. जेवणाऐवजी प्यायच्या त्या पावडरच्या नव्या पाकिटावर तिला सज्जनबाईंची एक ओळ छापायची होती.

"काकू, पहिल्यांदा तुमीच केली ना ही? कशापायी?"

"संयम पुण्याला शिकायला होता. मेसचं जेवण दिवे लागल्यावर मिळायचं, म्हणून पोरगं उपाशी झोपायचं. मग मूग, नाचणी, बदाम भाजून, दळून पाठवायला लागले."

"मंग काय लिहू?"

सज्जनबाईंनी संयमचं ताट उचलून परत फळीवर ठेवलं. खिडकीतून कारखान्याचा पत्रा उतरत्या उन्हात चमकताना दिसत होता.

"लिही, पोरगं आईपासून लांब होतं, म्हणून केली."