कापसाचा बर्फ

मध्य प्रदेश नवा नवा झाला होता, आणि आमचा गिर्यारोहणाचा क्लब हिमालयात निघाला होता. पण इंदूरला बर्फ कुठून आणणार? आमचे प्रशिक्षक उदयसिंहजींनी गिरणीच्या रिकाम्या गोदामात, पक्क्या फरशीवर कमरेइतका कापूस पसरवला. कोसळलेल्या हिमकड्याखाली गाडलेला माणूस कसा शोधायचा, हे ते शिकवत होते. एकाने आधीच येऊन कापसात दडायचं, बाकीच्यांनी लांब काठ्या खुपसायच्या. काठी लागली की दडलेल्याने ती धरून दोनदा ओढायची.

त्या दिवशी दडायची पाळी मंजिरीची होती. आम्ही बाहेर थांबलो. उदयसिंहजींनी दारातून डोकावून सांगितलं, "कापूस हलतोय. छुप गयी, चला!"

थोड्याच वेळात माझी काठी कोणीतरी धरली आणि दोनदा ओढली.

"सापडली!" मी ओरडलो.

"कोण सापडली?" मागून मंजिरीचा आवाज आला. ती दारात धापा टाकत उभी होती. "माफ करा सरजी, सायकल पंक्चर झाली. तुकोगंजपासून पैदल आले."

मी शामकडे रोखून बघितलं. असली मस्करी त्याचीच. पण तो माझ्या शेजारीच काठी खुपसून उभा होता. बाकीचेही सगळे समोर होते. म्हणजे आमची हिंमत बघायला उदयसिंहजींनीच कोणाला तरी दडवलं असणार.

"सरजी, आत कोणाला बसवलंय?"

ते नुसते मागे सरकले.

मी काठी सोडली. ती पडली नाही. माझ्याहून उंच काठी हळूहळू आत जाऊ लागली आणि तिचं टोकही कापसात दिसेनासं झालं.

तेव्हा शाम हळूच म्हणाला, "अरे भिया, माझी पण कोणी ओढतंय."