बुजवलेली भेग

संग्रहालयासाठी दोघी बहिणी प्लास्टरचा नमुना घडवत होत्या: सगळे खंड एकमेकांना चिकटलेले होते, तेव्हाची ती एकसंध जमीन. "आपण दोघी अश्शाच," ताई म्हणायची. तिनेच धाकटीला लहानाचं मोठं केलं होतं, त्यामुळे ताई म्हणेल ती पूर्व दिशा.

रोज सकाळी नमुन्यावर एक भेग पडलेली असायची, खंड पुढे जिथून फुटले नेमकी तिथेच. धाकटी ती निमूटपणे बुजवायची.

"सुकताना तडकतंच गं, वेडाबाई," ताई हसायची.

आज ती भेग टेबलावरून उतरून फरशीभर गेली होती. पलीकडे ताई उभी होती. तिची सगळी हत्यारं पिशवीत भरलेली होती आणि नखांत भेगेतलं ओलं प्लास्टर होतं.

धाकटी भेगेच्या काठाशी आली. "ताई, मला सोडून निघालीस?"

ताईचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. ओठ मिटलेसुद्धा. मग कितीतरी वेळाने, भेगेतून उठणाऱ्या लाटांच्या गाजेमागून, पार लांबून शब्द आले.

"काहीतरीच काय! इथेच तर आहे मी."