सख्ख्या भावाची किडनी

धाकट्याचा हात गरम होता. छाती संथ वर-खाली होत होती आणि गालावरचे खुंट कालच्यापेक्षा वाढलेले दिसत होते. तरी तो मेलेला होता. दोन डॉक्टरांनी दोनदा तपासून तसं लिहून दिलं होतं. रंगकाम करताना तिसऱ्या मजल्याच्या परांचीवरून पडला, डोक्यावर. मेंदू गेला, बाकी सगळं यंत्राच्या जोरावर चालू होतं.

थोरला हॉस्पिटलच्या त्याच मजल्यावर, चार दारं सोडून. तो जिवंत होता. तोंडावर राखेची कळा, पाय सुजलेले, हात बर्फासारखे गार. दोन भाऊ, एक गेलाय, एवढंच नव्या नर्सला कुणीतरी सांगितलं होतं. सकाळी ती थोरल्याच्याच खाटेशी आली आणि आईचा हात धरून म्हणाली, "शांतपणे गेले ना?" थोरल्यानं डोळे उघडले. नर्स किंचाळलीच.

"जातो हो, एवढी काय घाई," तो म्हणाला. मरायला टेकला तरी जिभेला हाड नाही. पण त्याचं हसू ओठावरच विरलं, कारण पलीकडच्या खोलीत कोण आहे ते त्याला ठाऊक होतं.

आई दोन खोल्यांमध्ये येरझारा घालत होती. थोरल्याचे तळवे चोळून ऊब आणायची, मग उठून धाकट्याकडे जायची, तर तो आयता ऊबदार. तिला भीती वाटायला लागली होती. आपण कुणाचं सुतक धरायचं आणि कुणाचं औषध विचारायचं, हेच तिला क्षणभर उमगेना. पण एक गोष्ट तिला पक्की कळली होती. धाकट्याच्या किडन्या चांगल्या होत्या आणि थोरल्याच्या गेल्या होत्या. रक्त जुळलं, पेशी जुळल्या. अवयवदानाच्या कागदावर तिनं लगेच सही केली. एक थोरल्याला, एक दुसऱ्या कुणाला, असं तिनं स्वतःच सांगितलं होतं.

दुपारी चारला तिला समन्वयक बाईंच्या खोलीत बोलावलं. कुणाचा अवयव कुणाला जाणार, ते सांगणारा संगणक त्यांच्या टेबलावर होता. बाई मनाच्या वाईट नव्हत्या. त्यांनी आधी पाणी दिलं, खुर्ची जवळ ओढली.

"मावशी, थोरल्याला नाही देता येणार. किडनी मिळण्याच्या यादीत यायला, ती किती काम करते त्याचा आकडा विसाच्या खाली लागतो. त्याचा तेवीस आहे."

"अहो, तो उद्याचा दिवस बघेल की नाही, देव जाणे!"

"रक्तावरून एकोणीसच येतो. पण तुम्ही डोंगराकडचे ना? तुमच्या लोकांच्या किडन्या मुळात दणकट असतात, म्हणून संगणक चार वाढवून धरतो. जुनं सूत्र आहे ते."

डोंगराकडचे! डोंगर सोडून त्यांच्या घराण्याला तीन पिढ्या झाल्या होत्या. आईनं डोंगर पाहिला तो कॅलेंडरवर. पण फॉर्मात 'समाज' असा रकाना होता, आणि खिडकीतल्या कारकुनानं न विचारताच, नाकाडोळ्यांवरून तिथं 'डोंगराकडचे' अशी खूण केली होती. थोरल्याच्या फॉर्मावर पाच वर्षांपूर्वी, धाकट्याच्या परवा.

आईनं पाण्याचा पेला खाली ठेवला. मग म्हणाली, "बरं. आमचं नशीब. मग धाकट्याच्या दोन्ही दुसऱ्या कुणाला द्या. पोराचं काहीतरी मागे राहू दे."

बाईंनी चष्मा काढला आणि उगाचच पुसला.

"सकाळपासून सहा हॉस्पिटलांना विचारलं, मावशी. कुणीच घेत नाही. गुण कमी पडलेत. सहा वाजता यंत्र बंद करावं लागेल."

"गुण कसे कमी? सव्विसाव्या वर्षी? साधी सुपारी खात नव्हता हो तो!"

"तसं नाही. डोंगराकडच्या माणसाची काढलेली किडनी कमी टिकते, असं संगणक धरतो. म्हणून गुण कापतो."

"आत्ता तर दणकट म्हणालात."

"ते जिवंत माणसांचं सूत्र. हे मेलेल्यांचं."

बोलून गेल्या आणि मगच बाईंना आपलं वाक्य ऐकू आलं. नऊ वर्षं ही दोन्ही सूत्रं त्या रोज वापरत होत्या. एक सकाळी, एक दुपारी. एक संगणकाच्या या खिडकीत, दुसरं त्या. एका दमात दोन्ही कधी बोलून पाहिली नव्हती. पडद्यावर आता दोन्ही फॉर्म शेजारी शेजारी उघडे होते. आडनाव एक, पत्ता एक, आईचं नाव एक. भिंतीपलीकडून धाकट्याचं यंत्र त्याच्यासाठी श्वास घेताना ऐकू येत होतं.

आई खुर्चीवरून उठली आणि पडद्याजवळ वाकली. तिला फारसं वाचता येत नव्हतं, पण पोरांची नावं ती ओळखायची. आवाज अगदी साधा होता, भाजीवाल्याशी बोलावा तसा.

"जिवंत कोण नि मेलेला कोण, हे याला कोण सांगतं?"

"मीच भरते ते," बाई पुटपुटल्या.

"मग थोरल्याला मेलेल्यांत भरा, बाई, आणि धाकट्याला जिवंतांत, म्हणजे एक तरी लेकरू मला घरी नेता येईल."